मॉर्फिनची भीती, ट्रॅमाडॉलची सवय

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर होती: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी अफूवर्गातली वेदनाशामकं. मॉर्फिन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन ही सगळी त्याच घराण्यातली. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्या रुग्णाला मॉर्फिन मिळायलाच हवं, त्याच्या घरचे त्या नावाने धास्तावलेले आहेत. आणि ज्या गोळ्यांपासून सावध राहायला हवं, त्या बाजारातून भाजी आणावी तशा आणल्या जाताहेत. उत्तरं वेदनाशमनाचं काम करणारे डॉक्टर आणि औषधनिर्माते यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: वडिलांना जबड्याचा कॅन्सर आहे. मुंबईला टाटात दाखवलं, तिथून मॉर्फिन १० मि.ग्रॅ. दर चार तासांनी लिहून दिलंय. नातेवाईक म्हणतात, मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी, सुरू केली की माणूस उठत नाही. म्हणून आई फार कळ आली तरच देते. आबांचं तोंड आता एक बोटभरच उघडतं, नाकातून नळी घातली आहे. नळीतून गोळी देता येते का?
(चोपडा तालुका)

उत्तर: आधी आईंना एवढं सांगा: दुखायला लागल्यावर गोळी देणं म्हणजे आबांना रोज पाच-सहा वेळा कळ सोसायला लावणं. साधी मॉर्फिनची गोळी गुण द्यायला वीस-तीस मिनिटं घेते, तासाभरात तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि साधारण चार तासांनी तो ओसरतो. कळ पूर्ण भरात आल्यावर दिली तर तेवढीच गोळी अपुरी पडते. म्हणून गोळी घड्याळावर द्यायची: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. मध्यरात्री २ वाजता उठवावं लागू नये म्हणून बरेच डॉक्टर रात्री १० चा डोस दुप्पट लिहितात. चिठ्ठीवर तसं लिहिलं असेल तरच द्या, मनाने नको.

मधेच कळ उसळली तर जादा डोस द्यायचा असतो. तो साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनचा सहावा भाग. आबांचं दिवसाचं मॉर्फिन ६० मि.ग्रॅ., म्हणजे जादा डोस १० मि.ग्रॅ. तो दिला म्हणून पुढचा नेहमीचा डोस टाळायचा नाही, तो आपल्या वेळेवरच. एक वही करा: तारीख, वेळ, नेहमीचा डोस की जादा, दुखणं दहापैकी किती. दिवसात तीनदा जादा डोस लागला तर डॉक्टरांना फोन करा. ते हिशोब असा करतात: ६० अधिक ३० म्हणजे ९०, भागिले सहा, म्हणजे आता दर चार तासांनी १५. मॉर्फिनला ट्रॅमाडॉलसारखी ठरलेली वरची मर्यादा नाही, पण ती वाढवायची डॉक्टरांनी, वही बघून.

नळीतून देता येते, पण फक्त साधी गोळी. दोन चमच्यांमध्ये दाबून तिची अगदी बारीक पूड करा, १०-१५ मि.लि. पाण्यात कालवा, सिरिंजने नळीत सोडा. आधी आणि नंतर २०-३० मि.लि. साधं पाणी सोडून नळी धुऊन घ्या, नाहीतर औषध नळीतच अडकतं. पाकिटावर नावापुढे एसआर, सीआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी फोडायची नाही, चुरायची नाही. बारा तासांत हळूहळू सुटायचं औषध चुरल्यावर एकदम सुटतं आणि श्वास बंद पडू शकतो. साधी आणि एसआर, दोन्ही १० मि.ग्रॅ.च्या मिळतात, म्हणून नवं पाकीट आणलं की दर वेळी नाव पूर्ण वाचा.

संडास घट्ट होण्याचा त्रास जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि तो दिवसांबरोबर कमी होत नाही. म्हणून पोट साफ करणारं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच हवं. चिठ्ठीवर नसेल तर विचारा. नेहमी लिहिली जाणारी बिसाकोडिलची गोळी आबांना चालणार नाही, कारण तिच्यावर आतड्यात विरघळणारं आवरण असतं आणि ती चुरता येत नाही. नळीसाठी लॅक्टुलोज किंवा सोडियम पिकोसल्फेटसारखं पातळ औषध मागून घ्या. इसबगोल नको, ते फुगून नळीही बंद करतं आणि पाणी कमी पडलं तर आतडंही. तीन दिवस शौचास झालं नाही तर चौथ्याची वाट बघू नका.

मळमळ बहुतेकांना पहिला आठवडाभर असते, तिच्यावर गोळी मिळते. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते. त्यातली काही औषधाची, काही आठवडेच्या आठवडे न झालेल्या झोपेची. घरचे नेमके इथेच घाबरतात आणि औषध बंद करतात.

आता सवयीचं. काही आठवडे मॉर्फिन घेतलेल्या कोणाचंही शरीर त्याला सरावतं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं. नंतर डोस वाढवावा लागतो तो बहुतेक वेळा आजार पुढे सरकल्यामुळे. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही मन त्याच्यामागे धावणं. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्यांत ते क्वचित दिसतं. ‘शेवटची गोळी’ हा समज झाला, कारण आपल्याकडे मॉर्फिन सुरूच अगदी शेवटी करतात. आजाराने आलेला मृत्यू मग गोळीच्या नावावर जमा होतो. योग्य प्रमाणात दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही.

एक धोका आपल्या भागाचा. मे महिन्यात चोपडा-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. नळीतून पाणी कमी गेलं, उलट्या-जुलाब झाले, की लघवी कमी आणि गडद होते. मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. ते साठले की हातपाय अचानक झटके देतात, माणूस असंबद्ध बोलतो, सारखा पेंगतो. उन्हाळ्यात नळीतून किती पाणी द्यायचं ते विचारून घ्या आणि मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडं खरंच कमजोर असतील तर डॉक्टर फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनकडे वळतात. हाका मारून, हलवूनही जाग येत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि मिनिटाला श्वास आठ किंवा त्याहून कमी मोजले गेले, तर पुढचा डोस थांबवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न: मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन पाच-सहा मेडिकल फिरलो. कोणी म्हणतं येत नाही, कोणी म्हणतं ठेवत नाही, एकाने तर ‘पोलीस केस होईल’ म्हणून हात जोडले. मग मिळतं कुठे? आणि जवळ बाळगलं तर खरंच केस होते का?
(शहादा)

उत्तर: मेडिकलवाल्यांची भीती हवेतली नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली औषधांच्या कायद्यात मुळात किमान शिक्षाच दहा वर्षांची होती आणि मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. परवान्यांच्या तारखा जुळेपर्यंत एखाद्याची मुदत संपायची. परिणाम असा झाला की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि देशातला त्याचा औषधी वापर झपाट्याने घसरला. हे त्या देशात, जिथे सातपुड्यापलीकडे मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच-गाजीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यातून औषधी घटक काढले जातात.

२००१ मध्ये शिक्षा मालाच्या प्रमाणानुसार झाल्या, आणि २०१४ च्या दुरुस्तीने औषधाची वाट मोकळी केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहांना ‘अत्यावश्यक अमली औषधं’ असा दर्जा मिळाला, २०१५ मध्ये देशभर एकच नियम आले. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता लागते. तिथे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि प्रत्येक गोळीची नोंद हवी.

म्हणून कोपऱ्यावरचं मेडिकल शोधू नका, संस्था शोधा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन मान्यताप्राप्त संस्थांची यादी विचारा. जिल्हा रुग्णालयात आणि धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्र विभाग किंवा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारा कक्ष गाठा. ‘मॉर्फिन आहे का’ एवढंच विचारण्यापेक्षा ‘कॅन्सरच्या वेदनेसाठी नाव नोंदवायचं आहे’ म्हणा. सोबत तपासणीचे कागद, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि मूळ चिठ्ठी न्या. चिठ्ठीवर रुग्णाचं पूर्ण नाव-पत्ता, औषधाचं नाव, किती मि.ग्रॅ., एकूण गोळ्या आकड्यात आणि अक्षरात, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असू द्या. यातली एखादी गोष्ट राहिली तर मुंबईची चिठ्ठी इथे परत पाठवली जाऊ शकते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा रेल्वेने जावं लागतं. मुंबईहून निघतानाच विचारा: पुढची भेट कधी, तोपर्यंतच्या गोळ्या पुरतील का.

रुग्णाने चिठ्ठीप्रमाणे मिळालेलं औषध स्वतःसाठी जवळ ठेवणं कायदेशीर आहे. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, चिठ्ठी आणि बिल सोबत ठेवा. त्याच आजाराच्या शेजाऱ्याला दोन गोळ्या उसन्या देणं मात्र गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असो. घरात औषध कुलपात, किल्ली एकाकडे. उरलेलं औषध ज्या संस्थेतून आणलं तिथेच मोजून परत करा आणि नोंद करून घ्या. उकिरड्यावर टाकू नका.

प्रश्न: काकूंना फेंटानिलचा पॅच लावतो, ‘२५’ लिहिलेला, दर तीन दिवसांनी. घाम येऊन सुटतो. कंबर आखडली की गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. चालेल ना?
(भुसावळ)

उत्तर: पॅचवर शेक अजिबात नको. त्वचा तापली की औषध जास्त वेगाने रक्तात जातं. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, हीटिंग पॅड, कढत पाण्याची अंघोळ, भुसावळच्या उन्हात अंगणात टाकलेली बाज, हे सगळं त्यात आलं. ताप आला तरी तेच: अंगात ४० अंश सेल्सिअस ताप असेल तर रक्तातलं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं. तापात ताबडतोब डॉक्टरांना कळवा आणि काकू पेंगतात का, श्वास मंद झालाय का, ते बघत राहा. कंबर शेकायचीच असेल तर पॅच छातीच्या वरच्या भागात किंवा दंडावर लावा, शेक लांब कंबरेवर आणि कोमटच.

लावायची पद्धत: जागा केस नसलेली, सपाट. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको, कारण खरचटलेल्या त्वचेतून औषध जास्त शिरतं. साध्या पाण्याने पुसा. साबण, तेल, पावडर काही नको. पूर्ण कोरडं झाल्यावर लावून तळहाताने तीस सेकंद दाबून धरा. वर तारीख-वेळ लिहा. घामाने कडा सुटतात, तर कडांवरून चिकटपट्टी लावा. कूलरसमोर दहा मिनिटं बसवून, घाम सुकल्यावर पॅच लावला तर तो टिकतो. दर वेळी जागा बदला. पॅच कापून अर्धा करायचा नाही.

नवा लावण्यापूर्वी जुना काढला का, हे दोघांनी बघा. पाठीवर राहिलेला जुना पॅच विसरला जातो आणि दोन पॅच एकत्र चालू राहतात. ७२ तासांनीही जुन्यात बरंच औषध शिल्लक असतं. लहान मुलाने तो अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर जीव जाऊ शकतो. म्हणून चिकट बाजू आत घडी घालून, डब्यात बंद करून संस्थेत परत द्या.

पहिला पॅच जोर धरायला १२ ते २४ तास घेतो, तोवर आधीच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चालू ठेवाव्या लागतात. काढल्यानंतरही औषध रक्तात बराच वेळ राहतं, निम्मं व्हायलाच सतरा तास किंवा जास्त. म्हणून ‘पॅच काढला, आता धोका नाही’ असं समजू नका. ज्याने आधी मॉर्फिनसारखं काहीच घेतलेलं नाही, त्याला साध्या सांधेदुखीसाठी हा पॅच लावू नये. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच वेगळा, तो सात दिवस चालतो आणि त्याच जागी तीन आठवडे पुन्हा लावत नाहीत. उष्णतेचे नियम त्यालाही तेच.

प्रश्न: आश्रमशाळेत शिकवतो. सातवीतल्या एका मुलाला सिकलसेल आहे. थंडीत हातपाय, छाती असं दुखतं की तो लोळतो. रुग्णालयात नेल्यावर ‘नेहमीचं इंजेक्शन’ मागतो. काही जण म्हणतात त्याला इंजेक्शनचं व्यसन लागलंय.
(धडगाव)

उत्तर: सर, त्या मुलाच्या बाजूने उभे राहा. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, आणि ती वेदना माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांपैकी एक आहे. कोणत्या इंजेक्शनने थांबतं हे तो अनुभवाने शिकला आहे. ते मागणं म्हणजे व्यसन नव्हे. वेदना पूर्ण न शमवता डोस तोकडा आणि उशिरा दिला की मूल घड्याळ बघत मागत राहतं, आणि त्याचंच नाव व्यसन पडतं.

शाळेत करायचं ते असं. मुलाला उबदार खोलीत झोपवा, घोंगडी द्या, दुखऱ्या भागावर कोमट शेक द्या. बर्फ चुकूनही नको, गारव्याने पेशी आणखी अडकतात. पाणी थोडं थोडं, पण सतत. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोला १५ मि.ग्रॅ., म्हणजे ३० किलोच्या मुलाला ४५०. आयबुप्रोफेन किलोला १० मि.ग्रॅ., म्हणजे ३००, खाल्ल्यानंतर, आणि मूत्रपिंडाचा त्रास नाही हे डॉक्टरांनी आधी सांगितलं असेल तरच. हे प्रमाण डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन शाळेच्या औषधपेटीत ठेवा. तास-दोन तासांत उतार नाही, किंवा सुरुवातच जोरात झाली, तर निघा. धडगावहून घाटाचा रस्ता आहे, निर्णय लांबवू नका. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर तासभरही थांबायचं नाही.

रुग्णालयात पोचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक मिळायला हवं. तीव्र वेदनेला मॉर्फिन, वजनानुसार मोजून, थोडं थोडं, श्वासावर लक्ष ठेवून. पेथिडिन टाळतात, कारण त्याचा शरीरात तयार होणारा घटक साठून फिट येऊ शकते. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन किंवा ट्रॅमाडॉल देऊ नये. काही मुलांच्या यकृतात ही औषधं फार वेगाने बदलतात, कोडीनचं तर मॉर्फिनच होतं, आणि नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावतो. कोणाच्या यकृतात हे होईल ते बाहेरून कळत नाही.

दुखणं कमी वेळा यावं यासाठी हायड्रॉक्सियुरिया रोज चालू आहे का, ते पालकांना विचारा. इंजेक्शनच्या चर्चेपेक्षा त्या गोळीत खंड पडतोय का हे बघणं जास्त मोलाचं.

प्रश्न: मोठा भाऊ केळीच्या घडांची वाहतूक करतो. पाठ धरली म्हणून दोन वर्षांपूर्वी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी सुरू केली. आता दिवसाला आठ. चिठ्ठी कधीच नव्हती. गोळी नाही मिळाली तर नाक गळतं, घाम फुटतो, जुलाब होतात, रात्रभर पाय आपटतो. परवा फिट आली. डिप्रेशनची एस्सिटालोप्रामही चालू आहे. गोळी आजच बंद करू का?
(रावेर)

उत्तर: घरी एकट्याने बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. आजच रुग्णालयात न्या. फिट आल्यावर ट्रॅमाडॉल थांबवावंच लागतं, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, दुसरं औषध देऊन.

हिशोब बघा. एका गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. आठ गोळ्या म्हणजे ट्रॅमाडॉल ३००, पॅरासिटामॉल २६०० मि.ग्रॅ. ट्रॅमाडॉलची प्रौढांसाठी कमाल मर्यादा ४०० आहे, तरी ३०० वर फिट आली. कारण ट्रॅमाडॉल फक्त अफूसारखं काम करत नाही, ते मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायनही वाढवतं आणि एस्सिटालोप्रामही तेच करतं. दोन्ही एकत्र आली की फिटचा धोका वाढतो, शिवाय अंग थरथरणं, ताप, घाम, स्नायू कडक होणं, भ्रम असा वेगळाच जीवघेणा प्रकार होऊ शकतो. वर दारू असेल तर आणखी वाईट, आणि पॅरासिटामॉलमुळे यकृतावरही ताण. डॉक्टरांना गोळ्यांचा खरा आकडा सांगा. लाजेपोटी ‘दोन-तीन घेतो’ सांगितलं तर उपचारच चुकतो.

ज्यांना फिट आलेली नाही पण गोळी सुटत नाही, त्यांच्यासाठी: डॉक्टरांशी बोलून आठवड्या-दोन आठवड्यांनी एक गोळी कमी करा, शेवटच्या दोन-तीन गोळ्यांवर आल्यावर अर्धी-अर्धी. कमी केल्यावर चार दिवस त्रास वाढला तर तिथेच थोडं थांबा, पुन्हा वर जाऊ नका. तेही जमत नसेल तर व्यसनमुक्ती उपचारात ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची जिभेखालची गोळी देतात, तिने तडफड थांबते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ ला फोन लावा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. पोलिसांची धास्ती असेल तर हे माहीत असू द्या: स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-अ याच एनडीपीएस कायद्यात आहे.

चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या मेडिकलचं वागणं बेकायदा आहे. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वन मध्ये आहे: पाकिटावर लाल चौकट, आणि दुकानदाराने रुग्णाचं, डॉक्टरचं नाव आणि प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस खालीही आलं. मग काहींनी गिऱ्हाइकांना टॅपेंटाडॉलकडे वळवलं. तेही अफूवर्गातलंच, सवयही तशीच. कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबरच्या त्याच्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

आणि मूळ दुखणं? साध्या कंबरदुखीला ही औषधं उपयोगाची नाहीतच. ऑस्ट्रेलियातली एक मोठी चाचणी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, नव्याने धरलेल्या कंबर-मानेच्या दुखण्यात अफूवर्गातल्या गोळीने खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण दिला नाही. भाऊ बरा झाल्यावर फिजिओथेरपी, पोटा-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, आणि घड उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसणं, हे करावंच लागेल. पायात बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर एमआरआय लांबवू नका.

प्रश्न: मुलगा अकरावीत. दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. खोकला नाही. हे नशेसाठी असतं का?
(धुळे)

उत्तर: ताई, बाटलीवर ‘कोडीन’ लिहिलंय का बघा. असेल तर होय. साधारण ५ मि.लि.त १० मि.ग्रॅ. कोडीन असतं, म्हणजे १०० मि.लि.च्या बाटलीत २००. बहुतेक त्यासोबत क्लोरफेनिरामिनही असतं, त्याने गुंगी आणखी वाढते. बारीक बाहुल्या, सतत खाज, बद्धकोष्ठ, दुपारी पेंग, पैशांची मागणी, गोड खाण्याची ओढ, अशी लक्षणं जुळवून बघा.

सगळ्यात जास्त भीती मिश्रणाची आहे. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. कोडीन आणि अल्प्राझोलाम दोन्ही श्वासाचं केंद्र मंद करतात. दोन्ही पोटात गेल्यावर मुलगा रात्री घोरत झोपतो आणि घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय. तो घुर्र-घुर्र आवाज आणि ओठ-नखं निळसर दिसणं म्हणजे श्वास अडतोय. हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळा. उठला नाही तर १०८. तोपर्यंत श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर डोकं मागे करून, नाक दाबून, दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या, आणि नाडी लागत नसेल तर छाती दाबायला लागा. पाणी पाजणं, उलटी काढणं, लिंबू चोखवणं नको. रुग्णालयात नॅलॉक्सोनचं, म्हणजे अफूवर्गातल्या औषधांवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन देतात, मुलगा बहुतेक वेळा काही मिनिटांत डोळे उघडतो. पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो आणि नशेचं औषध त्याहून जास्त वेळ शरीरात असतं. ‘आता बरा आहे’ म्हणून लगेच घरी आणू नका. काय काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा. बाटल्या आणि पाकिटं सोबत न्या.

आज मात्र मारझोड नको. शांत वेळी बाटल्या समोर ठेवून विचारा: कधीपासून, किती, सोबत गोळ्या घेतो का. तिसरा प्रश्न चुकवू नका. मग मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. बाटल्या कुठून मिळतात हे कळलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न: सिझेरियन होऊन पाच दिवस झाले. जावेकडच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेऊ का? बाळ अंगावर पितं.
(नंदुरबार)

उत्तर: नको. औषध दुधातून बाळाकडे जातं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दूध पाजताना चालतात, तुमच्या डॉक्टरांकडून प्रमाण घ्या. आधी एखादी गोळी घेतली असेल तर आज बाळावर लक्ष ठेवा: ते नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल, ओढून पीत नसेल, अंग सैल किंवा श्वास अडखळता वाटला, तर तडक बालरोगतज्ज्ञांकडे. आणि पाच दिवसांनंतर टाक्यांचं दुखणं वाढतच असेल तर टाके दाखवा, आत पू झालेला असू शकतो.

प्रश्न: खसखस अफूच्याच झाडाची ना? अनारशाला, मसाल्याला वापरतो. बेकायदा आहे का, गुंगी येते का?
(अमळनेर)

उत्तर: झाड तेच, पण अफूचा चीक कच्च्या बोंडात असतो, दाण्यात नाही. दाण्यावर लागला तर अगदी किंचित, तोही धुण्या-भाजण्याने कमी होतो. कायद्याच्या व्याख्येतून बिया वगळलेल्या आहेत. बिनधास्त वापरा. वाळलेली बोंडं किंवा त्यांचा चुरा, ज्याला ‘डोडा’ म्हणतात, ती गोष्ट वेगळी: तो ठेवणं आणि विकणं एनडीपीएसखाली गुन्हा आहे, आणि काढा करून प्यायला तर सवय अफूचीच लागते.